जिओकॅशचा डबा: वळवाच्या सरीत कोणता टिकतो?

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीने शोधायचा खेळ, आणि त्या लपवलेल्या डब्याला म्हणतात जिओकॅश किंवा नुसतं कॅश. त्यासाठी डबा घेताना लोक तो हातात धरून भिंत दाबून बघतात. प्लॅस्टिक जाड लागलं की डबा टिकाऊ ठरवून मोकळे होतात. पण भिंतीतून पाणी येतच नाही, येतं ते झाकणातून. त्यामुळे खाली प्रत्येक डब्याची परीक्षा झाकणावरून केली आहे: सील कशाचं आहे, ते बदलता येतं का, आणि पावसात घाईत असलेला अनोळखी माणूस ते नीट लावू शकेल का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण एकदा लपवल्यानंतर डबा बंद करणारे तुम्ही नसता.

आपल्याकडे डब्याचा खरा शत्रू जुलैची संततधार नव्हे, मे महिन्यातला वळीव. काळ्या कातळावरचा डबा दुपारी सहज ४५ अंशांपर्यंत तापतो. कोणी तो उघडून पुन्हा बंद केला की आतली गरम हवा बाहेरच्याच दाबाला कोंडली जाते. मग सर येते आणि डबा थोड्याच वेळात २५ अंशांवर येतो. आतली हवा आकसते, दाब सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. हा फरक साठ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाएवढा असतो, आणि नेमकं त्याच वेळी झाकणाच्या खाचेत पाणी साचलेलं असतं. सीलमध्ये वाळूचा एक कण असला तरी डबा ते पाणी आत ओढून घेतो. संततधारेत तापमान फारसं हलत नाही, म्हणून बरेच डबे जुलै सुखरूप काढतात आणि पुढच्या मे-जूनमध्ये ओले सापडतात.

ओल्या डब्याचा दोष ‘आतल्या दमट हवे’वर ढकलायची सवय आहे. हिशेब तसं सांगत नाही. ३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावतं, म्हणजे एक लिटरच्या डब्यात ३० मिलिग्रॅम. हा पाण्याचा एक थेंबही नाही. लॉगबुक, म्हणजे शोधणाऱ्यांनी नाव लिहायची वही, भिजलं असेल तर डबा गळतोय, नाहीतर कुणीतरी ओली वही तशीच आत टाकली आहे. सिलिका जेलची पुडीही इथे फार कामाची नाही. पाच ग्रॅमची पुडी साधारण एक ग्रॅम पाणी शोषते आणि थांबते. गळक्या डब्यात ती पहिल्या सरीत संपते, न गळणाऱ्यात तिची गरज थोडीच असते. ओल्या हातांची ओल टिपायला एक टाका, पण तिच्या भरवशावर स्वस्त डबा घेऊ नका.

आता एकेक डबा.

चारही बाजूंनी खिट्ट्या लागणारे डबे, म्हणजे लॉक अँड लॉक आणि त्याच्यासारखे, जगभर या खेळात सर्वाधिक भरवशाचे मानले जातात. मूळ कोरियन डब्याचं सिलिकॉन सील आतून पोकळ असतं, नळीसारखं दबतं, म्हणून झाकण जरा वाकडं बसलं तरी फट राहत नाही. बाजारातल्या नकलांमध्ये ते बहुधा भरीव आणि कडक असतं. दुकानातच नखाने दाबून बघा: दबून लगेच फुगलं तर घ्या, रबरी दोरीसारखं लागलं तर ठेवून द्या. सील खाचेतून सुटं निघतं आणि धुता येतं, हा याचा मोठा गुण. दुबळी जागा खिट्टीची बिजागरी. ती पॉलिप्रॉपिलीनच्याच पातळ पट्टीची असते, आणि ऊन खाल्लेलं पॉलिप्रॉपिलीन पांढुरकं पडून तडकतं. एक खिट्टी गेली की त्या बाजूचं सील उचलतं, डबा संपला. म्हणून सावलीतली जागा निवडा. दुसरी अडचण माणसांची: आतल्या झिपवाल्या पिशवीचा कोपरा सीलखाली अडकतो आणि पाण्याला आयती वाट मिळते. उपाय सोपा आहे. पिशवी डब्याच्या निम्म्याच आकाराची घ्या. ६०० मिलीच्या आसपासचा चौकोनी डबा स्मॉल आकारात बसतो. खेळाच्या मोजमापात १०० मिलीच्या खाली मायक्रो, १ लिटरपर्यंत स्मॉल आणि त्यापुढे २० लिटरपर्यंत रेग्युलर. काचेच्या तळाचा प्रकार मात्र रानात नकोच.

सह्याद्रीसाठी पहिली पसंती तरीही वेगळी आहे: प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारी रुंद तोंडाची एचडीपीई या चिवट प्लॅस्टिकची बाटली, २५० किंवा ५०० मिलीची. फिरकीचं झाकण सगळीकडून सारखाच दाब देतं, तुटायला बिजागरी नसते, आणि ते कसं लावायचं हे कुणाला सांगावं लागत नाही. काही बाटल्यांत झाकणाखाली वेगळं बूच असतं. सील त्याने उत्तम होतं, पण शोधणारा ते गवतात ठेवतो आणि तिथेच विसरतो. बूच अंगचंच असलेलं किंवा झाकणात मऊ चकती असलेलं मॉडेल घ्या. बाटली नवीच हवी. रसायनाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी नको. रंग पांढरा, म्हणून लोक तिला स्प्रेने रंगवतात, आणि एचडीपीईवर रंग धरत नाही, पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे निघतात. त्यापेक्षा स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बाटलीवर मोज्यासारखा चढवा. पंक्चरवाल्याकडे मिळतो, काळा असतो, ऊन अडवतो आणि ओल्या हातातही पकड देतो. कापडी टेप गुंडाळू नका, ती पाणी धरून ठेवते आणि डिंक सुटला की लोंबते.

मायक्रोमध्ये पेट प्लॅस्टिकचं प्रीफॉर्म, म्हणजे फुगवण्याआधीची बाटली, पैशाच्या मानाने कशालाही ऐकत नाही. सोड्याच्या बाटलीचं २८ मिलिमीटरचं बूच त्यावर बसतं, आणि ते बूच गॅसचा दाब रोखण्यासाठीच बनवलेलं असतं. वळवाने पडणारा सहा टक्के दाब त्याच्यापुढे काहीच नाही. भिंत तीन-चार मिलिमीटर जाड, पायाखाली आली तरी फुटत नाही. बुचाखालची तुटकी कडी काढून टाका, नाहीतर तिच्यात माती भरते. तोंडाचा आतला व्यास २१ ते २२ मिलिमीटर असतो, म्हणून लॉगची गुंडाळी १५ मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. ती आत सैल होऊन भिंतीला चिकटली की शोधणारा काडी घालून ओढतो आणि कागद फाडतो. गुंडाळीला जाड दोरा बांधून त्याचं टोक वर ठेवलं तर हा प्रकार टळतो. दोरा बुचाखाली अडकणार नाही एवढाच लांब ठेवा. सायकलची ट्यूब या प्रीफॉर्मवर अगदी घट्ट बसते.

प्रयोगशाळेतली ५० मिलीची फाल्कन ट्यूब दिसायला तशीच, पण बूच पातळ आणि तळ शंकूसारखा. जोरात पिळली की बुचाला तडा जातो, लॉग तळाशी रुतून बसतो. चालेल, पण प्रीफॉर्म मिळत असताना कशाला?

बायसन ट्यूब म्हणजे ओ-रिंग (सीलची गोल रबरी कडी) असलेली ॲल्युमिनियमची नळी, फांदीला टांगायला सोयीची. देशावर ती उत्तम चालते. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने आटे पांढरे पडतात आणि झाकण जाम होतं. मग कोणी पकड लावून उघडतं आणि ओ-रिंग कापली जाते. आट्यांना आणि रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, पाण्याच्या फिल्टरच्या सुट्या भागांसोबत मिळतं. मूळ रिंग सोबत नेऊन हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाच्या नायट्राइल रबराच्या रिंगा घेऊन ठेवा. चुंबकाच्या नॅनो, म्हणजे अगदी चिमुकल्या, डब्या शहरातल्या रेलिंगला ठीक, पण त्यांच्या निओडिमियम चुंबकावरचा निकेलचा मुलामा खरचटला की चुंबक आतून गंजून भुगा होतो. लावण्याआधी इपॉक्सीचा पातळ थर द्या. जुन्या कॅमेरा रोलच्या डबीबद्दल एवढंच: तिचं झाकण रोलला धूळ लागू नये म्हणून असतं, पावसासाठी नसतं.

अमेरिकेत या खेळाचं आवडतं भांडं म्हणजे लष्करी पोलादी अम्मो कॅन, म्हणजे दारूगोळ्याची पेटी, एम १९ ए १ आणि त्याहून रुंद एम २ ए १. झाकणात जाड रबर आणि दाबून बसणारी कडी, त्यामुळे सील फार चांगलं. जुना घेताना कागदाची पट्टी झाकणात धरून ओढून बघतात; चारही बाजूंना पट्टी अडली पाहिजे. महाराष्ट्रात मात्र तो ठेवूच नये. काळपट हिरवी, लष्करी अक्षरांची बेवारस पेटी दिसली की बॉम्बशोधक पथक येणार, आणि ते योग्यच आहे. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात साधा छोटा प्लॅस्टिकचा डबासुद्धा संशयावरून पथकाने उडवला होता. दोन्ही टोकांना टोप्या लावलेला पीव्हीसी पाइपही याच कारणाने बाद. धातूला आणखी एक धोका आहे, तो भंगारात जातो. आपला घरचा स्टीलचा डबा तर दोन्हीकडून हरतो: गंजत नाही हे खरं, पण झाकणाला सील नसतं आणि भंगारवाल्याकडे भाव चांगला मिळतो.

पेलिकन कंपनीच्या लहान केस तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सरस. त्यांच्यात दाब आपोआप सारखा करणारी झडप असते, त्यामुळे वर सांगितलेलं पाणी ओढण्याचं गणितच उरत नाही. पण एवढी महाग आणि उपयोगी वस्तू रानात किती दिवस राहील, हा प्रश्न आहे. स्वस्त डब्यावर ‘आयपी ६७’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ समजून घ्या: एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. नवा डबा, स्वच्छ सील, शांत पाणी. वर्षभर ऊन खाल्लेल्या आणि मातीच्या हातांनी उघडलेल्या डब्याबद्दल ते काही सांगत नाही.

म्हणून घरी स्वतः तपासा. टिश्यू पेपरवर स्केचपेनने दाट ठिपके काढा आणि तो डब्यात ठेवा. एक थेंब लागला तरी ठिपका पसरतो. तळाला दगड टाका. प्रथम गार डबा ५० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात पूर्ण बुडवा. आतली हवा फुगते, फट असेल तिथून बुडबुड्यांची रांग निघते आणि दोषाची नेमकी जागा कळते. मग डबा बाहेर काढून, वरून कोरडा पुसून, एकदा उघडून लगेच बंद करा आणि सरळ बर्फाच्या पाण्यात टाका, अर्धा तास. हाच घरचा वळीव. शेवटी सीलवर चिमूटभर बारीक वाळू टाकून हीच परीक्षा पुन्हा घ्या. बरेच नामांकित डबे इथेच गळतात, आणि रानात परिस्थिती नेहमी तशीच असते. फिरकीची झाकणं या फेरीत बहुधा तरतात, कारण पिळताना वाळू बाजूला सरते.

आत काय ठेवायचं तेही डब्याच्या आयुष्याशी बांधलेलं आहे. पेन नको, आखूड पेन्सिल द्या. शाई ओलीने फुटते. लॉगसाठी टायव्हेक किंवा स्टोन पेपर घ्या, दोन्ही भिजून लगदा होत नाहीत. चॉकलेट, अत्तराची बाटली, वासाचं खोडरबर, काही नको: उंदीर वासावर एचडीपीईही कुरतडतो, माकड तर डबाच घेऊन जातं. खाण्याच्या वस्तू नियमातही बसत नाहीत. (३ मे २००० रोजी ओरेगनमध्ये ठेवलेल्या पहिल्या कॅशच्या काळ्या बादलीत बीन्सचा डबा होता. ती बादली अर्धी पुरलेलीही होती. आज खाण्याची वस्तू चालणार नाही, आणि पुरायला जागामालकाची स्पष्ट परवानगी लागते.)

डबा थेट कातळाच्या तळाशी नको, तिथून पाण्याची धार वाहते. वीतभर वरची कपार पाहा, आणि ती अशी की आत हात घालण्याआधी डोळ्यांनी दिसेल. पावसाळ्यात विंचू-साप कोरडी जागा शोधतातच. डबा किंचित उतारावर ठेवा म्हणजे झाकणाच्या खाचेत पाणी थांबणार नाही. संरक्षित किल्ल्याच्या चिऱ्यांमध्ये पुरातत्त्व खात्याच्या आणि अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय ठेवू नका. दुसऱ्या कॅशपासून १६१ मीटरचं अंतर लागतं, ते आधी नकाशावर बघा.

शक्य तिथे डबा पारदर्शक किंवा निमपारदर्शक घ्या, आत काय आहे ते न उघडता कळतं. आतल्या बाजूने, बाहेरून वाचता येईल अशी मराठी चिठ्ठी लावा: ‘हा जिओकॅशिंग या खेळाचा डबा आहे. धोकादायक काही नाही. वाचून पुन्हा घट्ट बंद करून ठेवावा.’ सोबत कॅशचा जीसी क्रमांक, म्हणजे खेळाच्या वेबसाइटवरचा त्याचा ओळख क्रमांक. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा किंवा लेझरवर छापा. इंकजेटची अक्षरं ओल लागताच विरघळतात. सील दरवर्षी एप्रिलअखेर काढून धुवा, कडक झालं असेल तर बदला, आणि लॉक अँड लॉकच्या चारही खिट्ट्या वाकवून बघा. पांढरी रेघ दिसली तर नवा डबा वळवाच्या आधीच न्या.