तरणतलावावरचे सोलर कव्हर: बोरिवलीतील आमच्या सोसायटीचा वापरानंतरचा अनुभव

बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला असलेल्या आमच्या सोसायटीचा तरणतलाव पोडियमवर, म्हणजे इमारतींच्या मधल्या उंच चौथऱ्यावर आहे. लांबी 15 मीटर, रुंदी साडेसात मीटर आणि सरासरी खोली 1.2 मीटर, म्हणजे सुमारे 1 लाख 35 हजार लिटर पाणी. दिवाळी सरली की सकाळच्या बॅचमधील ज्येष्ठ सभासद एकेक करून यायचे थांबतात आणि जानेवारीत पहाटे पाण्यात उतरणारे बोटांवर मोजण्याइतकेच उरतात, हे आमच्याकडे दर वर्षीचे होते. त्यावर उपाय म्हणून मॅनेजिंग कमिटीने नोव्हेंबरच्या अखेरीस पाण्यावर तरंगणारे निळे, बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकचे सोलर कव्हर आणि ते गुंडाळण्यासाठी चाकांचा रोलर घेतला. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात एवढा काळ ते सांभाळून झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे.

विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हे कव्हर ऊन शोषून पाणी तापवते असे म्हटलेले असते. ते अर्धेच खरे आहे. उघड्या तलावावर पडणाऱ्या उन्हापैकी 75 ते 85 टक्के ऊर्जा पाणी स्वतःच शोषते. पारदर्शक बुडबुड्यांचे कव्हर टाकले की ती 5 ते 15 टक्क्यांनी घटते आणि अपारदर्शक कव्हर असेल तर 20 ते 40 टक्क्यांनी. म्हणजे केवळ ऊन मिळवण्याचा प्रश्न असेल तर उघडा तलाव सरसच ठरतो. कव्हरचा खरा उपयोग मिळालेली उष्णता धरून ठेवण्यात आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकडेवारीनुसार तलावातून जाणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे 70 टक्के वाटा एकट्या बाष्पीभवनाचा असतो. उरलेल्यातील मोठा भाग रात्री आकाशाकडे होणाऱ्या प्रारणातून जातो, आणि बाकीची उष्णता वारा व जमीन मिळून नेतात. पाण्याच्या पृष्ठभागावर अखंड पडदा बसला की यातील सर्वांत मोठी गळती जवळजवळ बंद होते.

ही गळती किती मोठी आहे, याचा अंदाज कमिटीच्या बैठकीत कोणालाच नव्हता, म्हणून हिशेब मांडून दाखवावा लागला. शाळेत शिकलेली अप्रकट उष्म्याची गोष्ट येथे उपयोगी पडते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता लागते आणि ती मागे राहिलेल्या पाण्यातूनच घेतली जाते. आमच्या तलावाची पातळी दिवसाला 4 मिलिमीटरने उतरली, तर साडेचारशे लिटर पाणी उडून जाते आणि उरलेले सगळे पाणी जवळपास 2 अंशांनी थंड होण्याइतकी उष्णता त्याबरोबर जाते. हीच उष्णता हीट पंपाने (हवेतील उष्णता ओढून पाण्याला देणाऱ्या यंत्राने) परत भरायची म्हटली, तर पंप एका युनिट विजेत पाच युनिट उष्णता देतो असे धरूनही रोज 60 च्या आसपास युनिट वीज खर्च होईल. हा आकडा ऐकल्यावर हीट पंपाचा प्रस्ताव पुढे ढकलण्यात आला, तो अद्याप पुढेच आहे.

मुंबईची हवा मुळातच दमट, मग येथे एवढे बाष्पीभवन होणार कसे, अशी शंका अनेकांनी काढली आणि ती रास्त होती. परंतु बाष्पीभवन नुसत्या आर्द्रतेच्या टक्केवारीवर ठरत नाही. पाण्याच्या पृष्ठभागालगतचा बाष्पदाब (वाफेचा दाब) आणि वरच्या हवेतील बाष्पदाब यांच्यातील फरक त्याला चालना देतो. जानेवारीच्या पहाटे पाणी 25 अंशांवर आणि हवा 18 अंशांवर असेल, तर आर्द्रता 80 टक्के असूनही पाण्यालगतचा बाष्पदाब हवेच्या जवळपास दुप्पट असतो. त्यात हिवाळ्याच्या रात्री उद्यानाच्या टेकड्यांकडून पूर्वेचा कोरडा वारा सुटतो. जुलैत मात्र पाणी आणि हवा यांच्या तापमानांत फारसे अंतर नसते, हवा बाष्पाने भरलेली असते आणि हा फरक जानेवारीच्या निम्म्याहूनही कमी होतो. म्हणून एकाच शहरात हे कव्हर एका ऋतूत उपयोगी आणि दुसऱ्या ऋतूत अडगळ ठरते.

आता प्रत्यक्ष परिणाम. डिसेंबर-जानेवारीत सांताक्रूझ वेधशाळेचे किमान तापमान 17 अंशांच्या आसपास असते, आणि आमच्या बाजूला झाडीमुळे पहाट त्याहून थोडी गारच वाटते. पूर्वी अशा दिवसांत सकाळी सहाला पाणी 22-23 अंशांवर सापडत असे. कव्हर रात्रभर टाकू लागल्यानंतर ते 25-26 च्या दरम्यान मिळू लागले. जागतिक जलतरण संघटनेने स्पर्धांसाठी ठरवलेली मर्यादा 25 ते 28 अंशांची आहे, त्यामुळे फेऱ्या मारणाऱ्यांना हे पाणी उत्तम आहे. गुडघ्यांसाठी पाण्यात चालण्याचा व्यायाम करणाऱ्या आजी-आजोबांना ते अजूनही गारच लागते, आणि त्यांची तक्रार खोटी नाही. सावकाश हालचाल करणाऱ्याला याहून बरेच कोमट पाणी हवे असते. मात्र सकाळची बॅच जानेवारीतही टिकली, ही गोष्ट आमच्या सोसायटीच्या इतिहासात नवीन आहे.

याहून अधिक उष्णता का मिळाली नाही, याचे कारण कव्हरमध्ये नसून इमारतींमध्ये आहे. मुंबई 19 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 47-48 अंशांवरच, दक्षिणेकडे कलून असतो. तलावाच्या दक्षिणेला 60 मीटर उंचीचा टॉवर असेल, तर त्याची माध्यान्हीची सावली 55 मीटरपर्यंत जाते. आमच्या तलावावर हिवाळ्यात जेमतेम तीन तास ऊन येते ते यामुळेच. मे महिन्याच्या मध्यास हाच सूर्य थेट डोक्यावर येतो, कोणताही टॉवर तेव्हा त्याला अडवू शकत नाही, आणि नको असताना पाणी तापते. ज्यांचा तलाव गच्चीवर किंवा मोकळ्या जागेत आहे, त्यांना आमच्यापेक्षा चांगला परिणाम मिळेल. टॉवरांच्या मधोमध पोडियमवर तलाव असलेल्यांनी दोन-तीन अंशांपलीकडे अपेक्षा ठेवू नये.

दिवसा कव्हर टाकून ठेवायचे असेल, तर फिल्टरचा पंप त्याच वेळेत चालवणे अत्यावश्यक आहे. उष्णता वरच्या थरात साठते. पंप बंद असताना कव्हरची कड उचलून हात घातला, तर वरचे चार बोटे पाणी चहाच्या पेल्यासारखे गरम लागते आणि कोपरापर्यंत हात आत गेला की गारवा सुरू होतो. तापमान त्यामुळे मीटरभर खोलीवरच मोजावे. बुडबुड्यांची बाजू खाली आणि सपाट बाजू वर ठेवायची असते. बुडबुड्यांतील हवेचा थर पाणी आणि वरची हवा यांच्यामध्ये राहतो, आणि सपाट बाजू झाडायला सोपी जाते. हे सांगण्याचे कारण असे की बदली कर्मचारी आला की कव्हर हमखास उलटे पडते.

कव्हर काढण्या-घालण्याच्या श्रमांविषयी माहितीपत्रकात चकार शब्द नसतो, आणि खरी परीक्षा तेथेच आहे. रोलर असूनही दोन माणसे लागतात. एक हँडल फिरवतो, दुसरा पलीकडून कड सरळ धरतो. वारा असला की आमचा लाइफगार्ड म्हणतो, "साहेब, आज तिसरा माणूस द्या, नाहीतर हे पतंगासारखं उडेल." पहाटे साडेपाचला सिक्युरिटीतील एकाने त्याला मदत करावी असे कमिटीने लेखी ठरवून दिल्यावरच हे रोज सुरळीत होऊ लागले, त्याआधी "माणूस नव्हता" या कारणाने कव्हर अनेकदा रात्री गुंडाळलेलेच राहिले होते, आणि दुसऱ्या सकाळी पाण्याने त्याची पावती दिली होती. आसपासच्या बांधकामांची धूळ, उद्यानातून येणारा पालापाचोळा आणि कबुतरांची विष्ठा रात्रभर कव्हरवर साचते. काढण्यापूर्वी ती झाडून घेतली नाही, तर गुंडाळताना सगळी पाण्यातच सरकते.

क्लोरीनच्या बाबतीत फायदा आणि त्रास दोन्ही आहेत. उन्हातील अतिनील किरणांनी मुक्त क्लोरीनचे विघटन होते. दिवसा कव्हर असले की ते कमी होते आणि डोस कमी लागतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने रसायनांची बचत 35 ते 60 टक्के आणि वरून भरायच्या पाण्याची बचत 30 ते 50 टक्के सांगितली आहे. आमची रसायनांची बचत या मर्यादेच्या खालच्या टोकाला आहे, कारण आम्ही कव्हर मुख्यतः रात्री वापरतो. मात्र शॉक डोस, म्हणजे एकाच वेळी क्लोरीनचा मोठा डोस, दिल्यावर कव्हर टाकणे पूर्णपणे टाळावे. पाण्यातून सुटणारे वायू कव्हरखाली कोंडतात, बुडबुड्यांचे प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि सकाळी कव्हर उघडताना नाकाला झोंबणारा वास येतो. याच कारणाने पोहणाऱ्यांनी उतरण्यापूर्वी किमान अर्धा तास आधी आम्ही कव्हर काढतो.

सुरक्षिततेविषयी एक गोष्ट प्रत्येक घरी पोहोचली पाहिजे. हे कव्हर माणसाचे वजन पेलत नाही. त्यावर पाऊल ठेवणारे मूल प्लॅस्टिकसह खाली जाते, कव्हर त्याच्याभोवती गुंडाळले जाते आणि वरून काहीच दिसत नाही. वजन पेलणारी सुरक्षा कव्हरे निराळी असतात आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र मानके आहेत. आम्ही कव्हर असताना तलावाचे फाटक कुलूपबंद ठेवतो. अर्धवट गुंडाळलेल्या कव्हरच्या बाजूला कोणालाही पोहू देत नाही, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो.

मार्च उजाडल्यावर रात्रीचे कव्हर एक दिवसाआड केले आणि एप्रिलच्या मध्यास बंद केले. मे महिन्यात उघडे पाणीही 30-31 अंशांवर जाते. अशा वेळी रात्रीचे बाष्पीभवन हाच पाणी थंड ठेवण्याचा बिनखर्चाचा मार्ग असतो, आणि कव्हर टाकून तो बंद केला तर पाणी शेवाळाला पोषक आणि पोहणाऱ्याला नकोसे होते. अडचण अशी की शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावांतील साठा घटून पाणीकपातीची चर्चा सुरू होते तीही याच दिवसांत. वर सांगितलेल्या दराने महिन्याला साडेतेरा हजार लिटर पाणी उडते, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरपेक्षा जास्त. कमिटीतील एका गटाचे मत कव्हर ठेवून पाणी वाचवावे असे होते. माझे मत उलट होते आणि आहे: गरम, शेवाळलेल्या पाण्याला जास्त क्लोरीन आणि वारंवार बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुणे) लागतो, आणि बॅकवॉशमध्ये पाणी जातेच. पाणी फारच टंचाईचे असेल, तर तलाव काही आठवडे बंद ठेवून त्यावर कव्हर टाकणे अधिक प्रामाणिक ठरेल.

पावसाळ्यात कव्हर तलावावर ठेवण्याचे काहीच कारण नाही. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे. त्याआधीच ते साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून आत न्यावे. कव्हरवर साचलेल्या पावसाच्या पाण्यात क्लोरीन नसते आणि डासांच्या अळ्यांना तेवढे डबके पुरते. साठवताना सावली हवी. गुंडाळलेले कव्हर उन्हात उघडे पडले, तर आतल्या थरांत उष्णता कोंडून बुडबुडे वितळून एकमेकांना चिकटतात, म्हणून रोलरवर असतानाही वरून पांढरे कापड टाकणे गरजेचे आहे. इतकी काळजी घेऊनही, ज्या टोकाला दुपारचे ऊन सर्वांत जास्त येते तेथील बुडबुडे आताच चुरचुरीत झाले आहेत. बोटाने दाबले की फुटतात, आणि पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरच्या जाळीत निळ्या पापुद्र्यांचे तुकडे सापडू लागले आहेत. विक्रेत्याकडे याची तक्रार केली असता हमी फक्त शिवणीपुरती आहे असे उत्तर मिळाले, जे खरेदीच्या वेळी कोणी सांगितले नव्हते.

आमचे कव्हर 400 मायक्रॉनचे, म्हणजे 0.4 मिलिमीटर जाडीचे आहे. पुढच्या वेळी 500 मायक्रॉनचे घ्यावे असा माझा प्रस्ताव आहे, जरी ते जड असल्याने रोलरवर ओढायला आणखी जोर लागेल. तलावाच्या दोन भागांसाठी दोन तुकडे शिवून घेतले, तर तेही दोघांना आवरेल. हमीचा मजकूर मात्र कोटेशनसोबतच लेखी मागवायचा, बुडबुड्यांसह, हे सेक्रेटरींनी आताच फाइलला लावून ठेवले आहे.