पांढरं जाणं: यीस्ट की बीव्ही?
सोलापूरचा उन्हाळा, घाम, त्यात अंगावरून पांढरं जायला लागलं की बायका मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून मोकळ्या. यीस्ट (बुरशीचा संसर्ग) असेल, म्हणजे दह्यासारखं घट्ट, भयंकर खाज, वास फारसा नाही, तर ट्यूब चालूनही जाते. पण पातळ, राखाडी आणि मासळीसारखा वास म्हणजे बहुतेक बीव्ही (बॅक्टेरियल व्हजायनोसिस, योनीतल्या जंतूंचा तोल बिघडणं), तिथं ती ट्यूब वाया, डॉक्टर मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक देतात. मला विचाराल तर जास्त काळजी बीव्हीचीच, कारण यात चांगले लॅक्टोबॅसिलस जंतू घटतात, योनीचा पीएच (आम्लतेचं माप) ४.५ च्या वर जातो, म्हणजे आम्लता कमी होते, अन् संबंधातून एचआयव्ही, हर्पिस लागायचा धोका वाढतो, एचपीव्हीही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा व्हायरस) लवकर जात नाही. वर हर्पिस असलेल्या बायकांत बीव्ही जास्त, म्हणजे दोन्हीकडून मार! यीस्टचं या व्हायरसशी नातं एवढं पक्कं नाही.