झिंकच्या विरघळणाऱ्या गोळ्या: खरजेवर देऊन पाहिल्या, त्याचा अनुभव

माझी अकरा वर्षांची पुतणी दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहातून घरी आली, तेव्हा तिच्या बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटांवर बारीक पुरळ होते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की खाजवून खाजवून ती रडकुंडीला येत असे. औषधाच्या दुकानात विचारले, तर ‘प्रतिकारशक्ती कमी झाली आहे, झिंक द्या, खरूज आपोआप जाईल’ असे सांगून 20 मिलिग्रॅमच्या विरघळणाऱ्या गोळ्यांच्या स्ट्रिप आमच्या हातात ठेवल्या गेल्या.

गोळीबद्दल तक्रार नाही. चमचाभर पाण्यात ती मिनिटाच्या आत फुटते. तळाशी पांढरा गाळ राहतो, म्हणून पुन्हा थोडे पाणी घालून तोही द्यावा लागतो. वरून गोडसर वास असला तरी मागाहून तुरट, धातूसारखी चव जिभेवर बराच वेळ रेंगाळते. पहिल्या दिवशी उपाशीपोटी दिली तर तिला मळमळले. जेवणानंतर देऊ लागल्यावर तो त्रास थांबला.

खरूज मात्र तसूभरही हटली नाही. दोन आठवड्यांत तिचा धाकटा भाऊ आणि आमच्या आईही खाजवू लागल्या, तेव्हा आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी भिंगातून तिच्या बेचक्यातली केसाएवढी बारीक, राखाडी, वाकडी रेघ दाखवली. खरजेच्या किड्याची मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते, त्याची ती खूण. किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांच्याविरुद्ध शरीर जो प्रतिसाद देते, त्यातूनच खाज सुटते. म्हणूनच पहिल्यांदा लागण झाल्यावर ती सुरू व्हायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोपर्यंत घरात किंवा वसतिगृहात खरूज पसरलेली असते.

दुकानदाराच्या बोलण्यात तथ्याचा एक कण होता, हे मान्य करायला हवे. छातीतल्या थायमस ग्रंथीचे थायम्युलिन हे संप्रेरक झिंकशिवाय काम करत नाही आणि झिंक कमी पडले की टी-पेशींचे, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, बळ घटते. साध्या खरजेत अंगावर दहा-पंधराच किडे असतात, पण प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसाच्या अंगावर त्यांची संख्या हजारोंवर जाते आणि त्वचेवर जाड खपल्या धरतात. तरीही झिंक किडा मारत नाही. तो मरतो 5 टक्के परमेथ्रिनच्या मलमाने, आणि तेही घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीही लावून, सकाळी धुऊन, आठवड्याने पुन्हा लावले तर. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायच्या. आमचे दोन आठवडे वाया गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

मग मुलीला झिंकची गरज नव्हती का? 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयोगटातील 32 टक्के मुलांमध्ये झिंकची कमतरता आढळली होती, त्यामुळे शंका रास्तच होती. डॉक्टरांनी वसतिगृहातले जेवण विचारले: पोळी, पातळ वरण, भात. धान्य-डाळींतला फायटेट हा घटक झिंक नीट शोषू देत नाही आणि शरीरात त्याचा साठाही फारसा राहत नाही. तरीही त्यांनी गोळ्या बंद केल्या, कारण ही मात्रा मुलांच्या जुलाबात 10 ते 14 दिवस देण्यासाठी ठरलेली आहे आणि महिनोन्‌महिने जास्त झिंक पोटात गेले तर शरीरातले तांबे कमी होते. त्याऐवजी मोड आलेली मटकी, तीळ, शेंगदाणे आणि अंडी सुचवली. मोड आणल्याने फायटेट घटते.

जुलाबासाठी, डॉक्टरांनी सांगितल्यास, या गोळ्या मी निःशंकपणे घेईन. खरजेसाठी मात्र कोणी हातात ठेवल्या, तर त्या परत करून त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे. मलमानंतरही पुतणीची खाज तीन आठवडे रेंगाळली, जे अपेक्षितच होते. ती वसतिगृहात परतण्यापूर्वी आम्ही तिथल्या बाईंना फोन केला आणि तिच्या खोलीतल्या सर्व मुलींना एकाच रात्री मलम लावण्यात आले.