कव्हर्ड स्टेंट: मूत्रवाहिनी-धमनी फिस्टुलासाठी उत्तम, पण माप हाताशी हवं

कव्हर्ड स्टेंट म्हणजे धमनीत आतून बसवायची, कृत्रिम अस्तर असलेली जाळीची नळी. रक्त थांबवण्यासाठी पाचपैकी पाच, टिकण्यासाठी साडेतीन.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) घेतलेल्या, वर्षानुवर्षं डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवलेली लघवीची नळी) बदलत आलेल्या बाईंच्या लघवीतून लालभडक रक्त जातं आणि दोन दिवसांत आपोआप थांबतं. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. इलियाक धमनी (ओटीपोटातून पायाकडे जाणारी) दुभंगते तिथेच मूत्रवाहिनी तिच्यावरून जाते. शेक, जुनी शस्त्रक्रिया आणि नळीचं घासणं यांनी मधली भिंत झिजून आरपार वाट पडते; हाच फिस्टुला.

सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) पुष्कळदा स्वच्छ येते, कारण भोक डीजेनेच बुजलेलं असतं. म्हणून डीजे साध्या ऑपरेशन थिएटरमध्ये ओढू नये. कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफीच्या खोलीत), मांडीतून शीथ (धमनीत शिरायची नळी) आणि धमनीत बलून तयार ठेवून, मूत्रवाहिनीत वायर राखून डीजे मागे घ्यावा आणि तिरप्या कोनातून डाय (एक्स-रेवर दिसणारं औषध) सोडावा. मूत्रवाहिनीच्या तोंडातून नाडीच्या ठोक्याबरोबर चिळकांडी उडाली, की निदान झालंच. बलून लगेच फुगवायचा.

शेक घेतलेलं, चिकटलेलं पोट उघडण्यापेक्षा कव्हर्ड स्टेंट कितीतरी सुरक्षित. माप धमनीच्या व्यासापेक्षा १० ते २० टक्के मोठं घ्या: ९ मिमीच्या धमनीला १० मिमी. लहान पडला तर कडेने रक्त झिरपतं, फार मोठा घेतला तर अस्तराला घड्या पडून गुठळी होते. स्टेंट इंटर्नल इलियाकच्या (कुल्ल्याकडे जाणाऱ्या फांदीच्या) तोंडावरून जाणार असेल तर ती आधी कॉइलने (बारीक तारेच्या वेटोळ्याने) बंद करा, नाहीतर उलटं येणारं रक्त भोकाला मिळतच राहतं. त्या बाजूचा कुल्ला चालताना दुखू शकतो, हे घरच्यांना आधीच सांगा.

दीड गुण कापला तो संसर्गासाठी. कृत्रिम अस्तराला लघवीचा स्पर्श होतो. पुढे काही महिन्यांनी ताप आला, पाय गार पडला किंवा पुन्हा लाल लघवी झाली, तर त्याच दिवशी दाखवा. अँटिबायोटिक आणि रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. त्या बाजूला पुन्हा डीजे घालण्यापेक्षा पाठीतून नेफ्रोस्टॉमी (थेट मूत्रपिंडात घातलेली नळी) बरी.

कोल्हापुरात हे करायचं तर ८ ते १२ मिमीची मापं, कॉइल आणि जुळवलेलं रक्त रुग्णालयात हजर आहे का, हे आधी विचारा. पुण्याहून मागवू, या भरवशावर राहू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. सामान आलं, की मगच डीजे बदलायची तारीख घ्या.