हंगेरियन की बास्क: मराठी माणसाने कोणती शिकावी?

युरोपात बोलल्या जातात, पण इंडो-युरोपीय कुळातल्या (मराठी, इंग्रजी ज्या कुळात येतात त्यातल्या) नाहीत, अशा भाषांची गोष्ट निघाली की हंगेरियन आणि बास्क जोडीनेच येतात. त्यामुळे पुष्कळांना त्या सख्ख्या बहिणी वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. हंगेरियन उरल कुळातली आहे. तिच्या सर्वांत जवळच्या भाषा, खांती आणि मान्सी, पश्चिम सायबेरियात आहेत, आणि फिनिश तिची लांबची नातलग. बास्कला मात्र सिद्ध झालेलं एकही नातं नाही. पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर, रोमन लोक तिथे पोचण्याआधीपासून ती टिकून आहे. म्हणून ‘दोन्ही सारख्याच अवघड’ असं समजून चिठ्ठ्या टाकू नयेत.

उच्चारांत आपल्याला आयता फायदा आहे. ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च वेगळे आहेत हे मराठी मुलाला शिकवावं लागत नाही. हंगेरियनमध्ये हे दोन्ही च आहेत आणि ते वेगळे लिहिले जातात. बास्कमध्येही आहेत, शिवाय तिथे तिसराही एक च आहे, जो ओळखायला कान तयार करावा लागतो. स्वरांची गोष्ट उलटी आहे. बास्कचे स्वर पाच, हंगेरियनचे चौदा. त्यातले ओठांचा चंबू करून काढायचे चार स्वर आपल्याकडे नाहीत, तिथे घाम गाळावा लागतो.

हंगेरियनमध्ये प्रत्यय शब्दाला चिकटतात, हे आपल्या घरात-घरातून-घरावर सारखंच. फरक असा की प्रत्ययाचा स्वर शब्दातल्या स्वरांशी जुळवून घेतो. हाझ म्हणजे घर, तर ‘घरात’ हाझबॉन. केर्त म्हणजे बाग, तर ‘बागेत’ केर्तबेन. आठवडाभरात हे कानात बसतं. जिथे थांबावं लागतं ती जागा वेगळी आहे. ‘पुस्तक टेबलावर आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर ठेव’ ह्या दोन्हींत आपण एकच ‘वर’ वापरतो. हंगेरियनमध्ये पहिल्यासाठी ऑस्तॉलोन, दुसऱ्यासाठी ऑस्तॉलरॉ, आणि ‘टेबलावरून’साठी ऑस्तॉलरोल. ‘आत’ आणि ‘जवळ’ यांच्याही अशाच तीन-तीन तऱ्हा आहेत. पण लिंगाची कटकट नाही. ‘तो’ आणि ‘ती’ यांनाही एकच शब्द आहे. (बास्कमध्येही नामांना लिंग नाही.)

आता बास्क. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी माणसाने तिच्याकडे बघावं याचं खरं कारण इथे आहे. ‘माणूस आला’ पण ‘माणसाने सफरचंद खाल्लं’. हा ‘ने’ का येतो, हे इंग्रजी बोलणाऱ्याला समजावताना नाकी नऊ येतात. बास्कमध्ये हाच प्रकार आहे: गिसोना एतोर्री दा, पण गिसोनाक सागार्रा यान दु. शेवटचा ‘क’ म्हणजे आपला ‘ने’. आपण तो मुख्यतः पूर्ण झालेल्या क्रियेपुरता ठेवला आणि मी-तू यांना त्यातून सूट दिली. बास्कने कुणालाच सूट दिली नाही. ‘माणूस सफरचंद खातो’ यातही क, आणि ‘मी’लाही क. आपण ‘आंबा खाल्ला, आंबे खाल्ले’ म्हणत क्रियापद कर्माशी जुळवतो. बास्क क्रियापद कर्ता, कर्म आणि ‘कुणाला’ या तिघांनाही पोटात घेतं. ‘मी त्याला त्या गोष्टी दिल्या’ म्हणताना सहायक क्रियापद दिस्किओत होतं, आणि मी, त्याला, अनेक वस्तू ही सगळी माहिती त्या एका शब्दात असते. हे तक्ते पाठ करायला महिने लागतात.

आणखी एक गोष्ट वाचून मला फार आनंद झाला होता. जवळच्या माणसाशी बोलताना बास्क क्रियापदात ऐकणारा पुरुष आहे की बाई हेही दिसतं, वाक्य त्या व्यक्तीबद्दल नसलं तरी. ‘तो आला’ एरवी एतोर्री दा, मित्राला सांगताना एतोर्री दुक, मैत्रिणीला एतोर्री दुन. म्हणजे आपलं ‘आला रे’ आणि ‘आला गं’!

नात्यांत दोघींचे मार्ग वेगळे. हंगेरियनला दादा आणि धाकटा भाऊ यांना वेगळे शब्द हवेत, बहिणींनाही तसेच. बास्क विचारते, बहीण कुणाची? भावाची असेल तर आर्रेबा, बहिणीची असेल तर आइस्पा. आकडे बास्क विसांनी मोजते, आपल्या कोडीसारखे. साठ म्हणजे तीन विसा, सत्तर म्हणजे तीन विसा आणि दहा.

व्याकरणाच्या ओढीने मी बास्ककडे झुकतो, पण निवड त्यावरून करू नका. हंगेरियन सव्वा कोटीच्या आसपास लोक बोलतात, आणि तेवढ्या एका भाषेवर हंगेरीत जन्म काढता येतो. भारतातून हंगेरी सरकारच्या ‘स्टिपेंडियम हंगारिकम’ शिष्यवृत्तीवर विद्यार्थी तिथे जातात. शिकवणं इंग्रजीत चालतं, पण वैद्यकीय विद्यार्थ्यांना रुग्णाशी बोलायला हंगेरियन शिकावीच लागते. दिल्ली विद्यापीठातही ती शिकवतात.

बास्क बोलणारे दहा लाखही नाहीत, आणि त्यांतल्या जवळपास प्रत्येक प्रौढाला स्पॅनिश किंवा फ्रेंच येते. चांगली पुस्तकं बहुतांशी स्पॅनिशमधून आहेत. म्हणून स्पॅनिश येत नसेल तर आधी ती शिका, किंवा सरळ हंगेरियन घ्या. पण स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या बिल्बाओ शहरात राहायला जाणार असाल, स्पॅनिश जमत असेल, तर बास्क सोडू नका. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत शाळेतून आणि सार्वजनिक जीवनातून हाकललेली ही भाषा लोकांनी स्वतःच्या शाळा काढून जगवली. 1968 मध्ये बास्क प्रदेशातल्या आरांत्सासूच्या मठात तिच्या प्रमाणरूपाचा पाया घातला गेला. आजही मोठी माणसं बार्नेतेगी नावाच्या निवासी वर्गांत राहून ती शिकतात. बास्क माणसाला त्यांच्या भाषेत ‘एउस्काल्दुन’ म्हणतात, म्हणजे ‘ज्याच्याकडे बास्क भाषा आहे तो’. बाहेरून येऊन शिकणाऱ्यालाही हाच शब्द लावतात, फक्त पुढे ‘बेर्री’, म्हणजे नवा, असं जोडून.