रोख जामीन की जामीनदार?

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस घरी आला, असं मलाही वाटायचं. भाच्याच्या मारामारीच्या केसमध्ये कळलं, की खरी धावपळ आदेशानंतरची. पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, असा आदेश होता.

पहिल्यांदा जामीनदारच शोधला. खिशातून काही जात नाही, हा त्याचा मोठा गुण. मेहुणे सातबारा, आधार, रेशनकार्ड घेऊन लगेच हजर झाले. गाडं अडलं सॉल्व्हन्सीवर, म्हणजे जामीनदाराच्या ऐपतीच्या दाखल्यावर. तलाठ्याचा अहवाल, मग तहसील, तिथे साहेब दौऱ्यावर. त्यात जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली, म्हणून टेबलावरच्या बाबूंनी नाक मुरडलं. १९७८ साली मोतीराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी नेमकी हीच हरकत फेटाळली होती. तिथे एका गवंड्याच्या भावाची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात होती, म्हणून तो जामीनदार चालेना. पण हे बाबूंना कोण सांगणार? नऊ दिवस गेले आणि भाचा आतच. शिवाय जामीनदाराच्या मानेवरचं जोखड खटला संपेपर्यंत उतरत नाही. आरोपी तारखेला गैरहजर राहिला की नोटीस मेहुण्यांच्या दारात. नात्यातल्या माणसाला इतकं अडकवणं मला तरी जड गेलं.

दहाव्या दिवशी जामीनदाराऐवजी रोख भरायची परवानगी मागितली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ४९० मध्ये ती सोय आहे, मात्र द्यायची की नाही हे कोर्टाच्या मर्जीवर. दुपारी पैसे भरले, आदेश जेलच्या जामीनपेटीत (सुटकेचे आदेश टाकायची पेटी) वेळेत पडला आणि रात्री भाचा घरी जेवला. पैसे मात्र खटला संपेपर्यंत अडकतात, आणि परत घेताना अर्ज करावा लागतो. पावती ज्याने पैसे भरले त्याच्याच नावाने घ्या आणि सांभाळून ठेवा.

रक्कम लाखाच्या घरात असेल तर माझं गणित तुम्हाला लागू पडणार नाही, कदाचित जामीनदारच बरा. तरी आधी त्याच संहितेच्या कलम ४८४ खाली रक्कम कमी करून मागता येते, हे वकिलांना जरूर विचारा. काही कोर्टं रोख जामीन चार-सहा आठवड्यांपुरताच देतात आणि तेवढ्यात जामीनदार आणायला सांगतात. तेही चालेल, निदान पळापळ माणूस बाहेर असताना होते. माझी चूक एवढीच, की रोखीची मागणी मूळ जामीनअर्जातच घालायला हवी होती.

मेहुण्यांची सॉल्व्हन्सी मिळाली, भाचा घरी येऊन तीन आठवडे झाल्यावर.