‘दान’ म्हणून सही घेतली, आणि बाळाच्या वाट्याचं रक्त पिशवीत गेलं

सातव्या महिन्यात तपासणीसाठी नंबर लावून बाकावर बसले होते. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल अशी एक बाई शेजारी येऊन बसली. ती हॉस्पिटलचीच असणार, असं मी धरूनच चालले. ती हॉस्पिटलची नव्हती, हे मला बाळ दोन आठवड्यांचं झाल्यावर कळलं.

“मॅडम, नाळेतलं रक्त एरवी कचऱ्यातच जातं. दान केलंत तर कुणाचा तरी जीव वाचेल.” माझा मामेभाऊ रक्ताच्या कर्करोगाने गेला. बोन मॅरोसाठी जुळणारा दाता त्याला शेवटपर्यंत मिळाला नाही. नाळेतल्या रक्तातही मॅरोसारख्याच, नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. त्यामुळे ‘दान’ शब्द ऐकला आणि मी तिथेच विरघळले. एवढंच विचारलं, की मला नाळ उशिरा कापून हवी आहे, मग रक्त कसं घेणार? ती म्हणाली, “दोन्ही होतं. आमची माणसं बघतात, तुम्ही निर्धास्त राहा.” मी तिच्या कागदांवर सही केली.

दोन्ही पुरेपूर होत नाही. हे कुणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं, म्हणून इथे नीट लिहिते. बाळ बाहेर येतं तेव्हा त्याच्या रक्ताचा जवळजवळ तिसरा हिस्सा वारेत आणि नाळेत असतो. नाळ ठोके देत असते आणि ते रक्त बाळाकडे येत असतं. पहिल्या मिनिटात साधारण ८० मिली, तीन मिनिटांपर्यंत १०० मिलीच्या आसपास. त्यातलं लोह बाळाला पुढे कित्येक महिने पुरतं. स्वीडनमध्ये सुमारे ४०० बाळांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. नाळ दहा सेकंदांत कापलेल्या बाळांपैकी ५.७ टक्क्यांना चार महिन्यांनी लोहाची कमतरता होती. तीन मिनिटं थांबलेल्यांत ०.६ टक्के. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की बाळाला तातडीच्या उपचारांची गरज नसेल तर एक मिनिटाच्या आत नाळ कापू नये. उशिरा कापलेल्या काही बाळांना कावीळ थोडी जास्त होते, प्रकाशाखाली ठेवावं लागतं, हेही खरं. पण ‘कचऱ्यात जाणारं रक्त’ म्हणतात ते हेच. जितका वेळ थांबाल तितकं ते बाळात जातं आणि पिशवीसाठी कमी उरतं. मिनिटभरापेक्षा जास्त थांबलं तर बरेचदा दान घेणाऱ्या पेढीच्या निकषांइतकं रक्त आणि त्यातल्या मूळ पेशी मिळत नाहीत.

माझ्या वेळी कुणी थांबलंच नाही. मुलगी रडली, आणि तेवढ्यात चिमटा लागला. मी म्हटलं, “अहो, थांबायचं ठरलं होतं ना?” उत्तर आलं, “तुमचीच सही आहे.” मुलीला पलीकडच्या टेबलावर नेलं आणि इकडे एक बाई नाळेत सुई घालून पिशवी खाली धरून हळूहळू हलवत उभी राहिली. काळपट लाल रक्त नळीतून उतरत होतं. मी मुलीकडे बघावं की पिशवीकडे, हे मला कळेना.

दोन आठवड्यांनी साठवणुकीच्या शुल्काची मागणी आली, आणि पुढे दरवर्षी येत राहणार होती. दानाचे पैसे कसले? नवऱ्याने कराराची प्रत काढून ओळ न् ओळ वाचली. त्यात ‘दान’ हा शब्द एकदाही नव्हता. तो त्या बाईच्या खासगी कंपनीशी झालेला साठवणुकीचा करार होता, रक्त आमच्याच मुलीच्या नावाने ठेवण्याचा. चौथ्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की संकलनासाठी नाळ लवकर कापायला पालकांची संमती आहे. त्या पानावर माझी सही होती.

त्या बाईने फाइलमधून पॅरिसची गोष्टही दाखवली होती. १९८८ साली तिथे एका लहान मुलाला नाळेतल्या रक्ताने वाचवलं, जगात पहिल्यांदाच. गोष्ट खरी आहे. पण ते रक्त त्याच्या नवजात बहिणीचं होतं. त्याला जन्मजात रक्ताचा आजार होता. त्याच्या स्वतःच्या पेशींत तोच दोष असता. रक्ताच्या कर्करोगातही मुलाच्या स्वतःच्या साठवलेल्या पेशी सहसा वापरत नाहीत, कारण आजाराचं बीज त्यांत आधीच असू शकतं. दुसऱ्याने दिलेल्या रक्ताची गोष्ट सांगून मला स्वतःसाठी साठवणूक विकली गेली, याचा राग अजून जात नाही. मामेभावाचं मी तिला मोकळेपणाने सांगितलं होतं.

मग अहवाल आला. ३८ मिली. पेशी कमी. आमच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, की उपचारासाठी याचा उपयोग होण्याची शक्यता फारच थोडी. तरी शुल्काचा तगादा चालूच. लेखी तक्रार केली तेव्हा हॉस्पिटल म्हणालं, ती आमची कर्मचारी नाही. कंपनी म्हणाली, सही तुमची आहे. करार मोडला, भरलेले पैसे गेले. मुलगी ठणठणीत आहे, आणि उगाच कशाचा संबंध मी त्या ३८ मिलीशी जोडत नाही. पण तीन किलोच्या बाळात एकूण रक्त असतं अडीचशे मिलीच्या आसपास, त्यापुढे हा आकडा ठेवून बघा.

खऱ्या दानात तुमच्याकडून पैसे मागत नाहीत. सार्वजनिक पेढी आईचा पूर्वेतिहास विचारते, तिच्या रक्ताची तपासणी करते, आणि ते रक्त ज्याला जुळेल त्याला जातं, तुमच्यासाठी राखून ठेवत नाही. ती सोय प्रत्येक हॉस्पिटलात नसते, नोंदणी आधीच करावी लागते. हे सगळं समजून कुणी दान निवडलं तर ते फार मोठं काम आहे, मी त्याच्या विरोधात नाही. घरात आधीच एखादं मूल अशा आजाराने ग्रस्त असेल तर भावंडाचं रक्त राखण्याचा विचार जरूर करावा, पण तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, बाकावर शेजारी येऊन बसलेल्या माणसाशी नव्हे. आणि “दोन्ही होतं” असं कुणी म्हणालं तर विचारा: किती सेकंद थांबणार, आणि रक्त कमी भरलं तर काय? उत्तर लेखी घ्या.

धाकटी बहीण आता आठव्या महिन्यात आहे. परवा तिच्यासोबत गेले होते. तिच्या केसपेपरवर डॉक्टरांकडूनच लिहून घेतलं: ‘बाळ-बाळंतीण ठीक असल्यास नाळेचे ठोके थांबेपर्यंत चिमटा लावू नये. रक्तसंकलन नाही.’ खाली डॉक्टरांची सही, तारीख. एक प्रत तिच्या पिशवीत, एक माझ्याकडे.